मॅमोग्राफीचा रिपोर्ट: आकडा वाचायचा कसा आणि पुढची तारीख पाळायची कशी

मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचा, रिपोर्ट शेवटून वाचायला घ्या. वरचे परिच्छेद डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेले असतात, घरच्यांच्या कामाच्या दोन ओळी तळाशी असतात. ‘इम्प्रेशन’ या शब्दाखाली बायरॅड्स असं लिहून त्यापुढे ० ते ६ पैकी एक आकडा दिलेला असतो आणि त्याच्याखाली पुढे काय करायचं याचा सल्ला. एवढ्या दोन ओळी नीट कळल्या तर निम्मं काम झालं.

हा आकडा म्हणजे कॅन्सरची स्टेज नव्हे. गावात रिपोर्ट आधी औषधाच्या दुकानात दाखवला जातो, दुकानदाराला ‘४’ दिसतो आणि तो ‘चौथी स्टेज हाय’ म्हणून मोकळा होतो. घरात रडारड सुरू होते, किंवा ‘आता काय उपयोग’ म्हणत कागद लोखंडी पेटीत जातो. स्टेज ठरते ती कॅन्सर असल्याचं गाठीतून काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत पक्कं झाल्यावर. बायरॅड्सचा आकडा एवढंच सांगतो की फोटो पाहून रेडिओलॉजिस्टला शंका किती आली आणि पुढची पायरी कोणती. ही पद्धत अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीनं ठरवलेली आहे. फोटो अकोल्यात काढा, सेवाग्रामला काढा की नागपुरात, आकड्याचा अर्थ बदलत नाही.

फोटो काढायला जाताना

इथं थोडक्यात, कारण घोळ बहुतेक रिपोर्टनंतर होतात.

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना ‘छातीत गाठ आहे, छातीचा फोटो काढायचा’ असं सांगितलं की बाईला फुप्फुसाच्या एक्स-रेला किंवा मेडिसिनच्या ओपीडीत पाठवलं जाण्याची शक्यता असते. अख्खा दिवस त्यात जातो. ‘स्तनात गाठ आहे, सर्जरीची ओपीडी’ असं स्पष्ट सांगा. लाज वाटत असेल तर आशाताईंकडून किंवा पीएचसीतून तसं लिहिलेली चिठ्ठी न्या आणि ती खिडकीत सरकवा.

उपाशीपोटी जायचं नसतं. चहा-पोळी खाऊन जा, औषधं रोजच्यासारखी घ्या. पाळी येत असेल तर पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते चौदाव्या दिवसांतली तारीख मागा, तेव्हा स्तन कमी दुखरे असतात. हाताला गाठ लागत असेल तर मात्र पाळीचा हिशेब करत बसू नका. त्या दिवशी काखेत पावडर, अत्तर, बाम, मलम काही नको. पावडरीचे आणि काही मलमांचे कण फोटोत पांढरे उमटतात आणि चुन्याच्या कणांसारखे दिसतात. मंगळसूत्र, पोत, गळ्यातला किंवा दंडावरचा ताईत काढावा लागतो, म्हणून सोबत घरची एखादी बाई असू द्या. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल, तर टेक्निशियनला आधी सांगा.

दाबलं जातं, दुखतं. पण प्रत्येक फोटोला काही सेकंदच. दाबल्यानं थर पातळ होतो, आतलं एकमेकांवर चढत नाही आणि किरणही कमी लागतात. दाबल्यानं गाठ फुटत नाही की पसरत नाही.

खिडकी सोडायच्या आधी

रिपोर्ट हातात पडला की तिथंच उभ्या उभ्या नाव, वय, तारीख आणि बाजू तपासा. आधारवर ‘सुमन’ आणि रिपोर्टवर ‘सुमनबाई’, एवढ्या फरकानंही पुढे योजनेच्या कागदात अडकायला होतं. दुरुस्ती त्याच दिवशी दहा मिनिटांत होते, महिन्यानं गेलात तर अर्ज करावा लागतो.

बाजू सगळ्यात महत्त्वाची. साधारण चार फोटो असतात, प्रत्येक स्तनाचे दोन: एक वरून खाली दाबून काढलेला, त्यावर सीसी लिहिलेलं असतं, आणि एक काखेपर्यंत तिरका, त्यावर एमएलओ. कोपऱ्यात आर असेल तर उजवा, एल असेल तर डावा. हाताला गाठ उजवीकडे लागते आणि रिपोर्ट डावीकडचं बोलतो, असं दिसलं तर तिथंच विचारा. कधी डाव्या बाजूला वेगळं काही सापडलेलं असतं, कधी नुसती लिहिण्यातली चूक असते. दोन्ही त्याच दिवशी कळायला हवं.

फोटोत एखादा अगदी गोल, टाचणीच्या डोक्याएवढा, लख्ख पांढरा ठिपका दिसला तर घाबरू नका. हाताला गाठ लागते त्या जागी काही केंद्रांत कातडीवर धातूचा बारीक मणी चिकटवतात, तो तोच असू शकतो.

एक रिपोर्ट ओळीओळीनं

समजा, असं लिहिलं आहे: ‘उजवा स्तन. डेन्सिटी सी. अप्पर आउटर क्वाड्रंटमध्ये, टेन ओक्लॉक पोझिशनला, निपलपासून ३ सेंटिमीटरवर, १८ बाय १४ मिलिमीटरचा इर्रेग्युलर हाय डेन्सिटी मास, मार्जिन स्पिक्युलेटेड. मायक्रोकॅल्सिफिकेशन नाही. काखेतल्या नोड्समध्ये फॅटी हायलम प्रिझर्व्ह्ड. बायरॅड्स ५.’

डेन्सिटी म्हणजे स्तनात चरबी किती आणि दुधाच्या ग्रंथी-तंतू किती. ए म्हणजे जवळपास सगळी चरबी, डी म्हणजे अतिशय दाट. चरबी फोटोत काळी दिसते, ग्रंथी पांढऱ्या आणि गाठही पांढरीच. म्हणून सी आणि डी मध्ये गाठ लपू शकते: पिकलेल्या कपाशीत पांढरं फडकं शोधण्यासारखं. ही डेन्सिटी हातानं कळत नाही आणि तो आजारही नाही. तरुण बायकांत ती जास्त असते. सी किंवा डी लिहिलं असेल तर ‘सोनोग्राफी पण करायची का?’ हा प्रश्न डॉक्टरांना आवर्जून विचारा.

जागा घड्याळाच्या भाषेत सांगतात. समोर उभ्या असलेल्या माणसाला बाईच्या स्तनावर घड्याळाची तबकडी ठेवलेली दिसते आहे, असं धरायचं. उजव्या स्तनात दहा वाजताची जागा म्हणजे वर, काखेकडे. डाव्या स्तनात तीच जागा दोन वाजता येते. कॅन्सरच्या गाठी याच वरच्या-बाहेरच्या चौथाईत जास्त सापडतात, कारण ग्रंथी तिथं जास्त असतात. अठरा मिलिमीटर म्हणजे सुपारीहून थोडं लहान.

खरं वजन मापाला नाही, कडेला असतं. ‘ओव्हल’ आणि ‘सर्कमस्क्राइब्ड’ लिहिलं असेल तर गाठ वाटाण्यासारखी गुळगुळीत, कड स्वच्छ. अशा बहुतेक गाठी साध्या निघतात. ‘इर्रेग्युलर’ आणि ‘स्पिक्युलेटेड’ म्हणजे गोखरूसारखी, कडेतून काटे फुटलेली. ही शंकेची. मोठी गुळगुळीत गाठ निरुपद्रवी असू शकते आणि बोराच्या बीएवढी काटेरी गाठ घातक. म्हणून ‘लहान तर हाय, राहू दे’ हा हिशेब इथं चालत नाही.

कॅल्सिफिकेशन म्हणजे चुन्याचे कण. जाडसर, मक्याच्या लाहीसारखे किंवा रक्तवाहिनीच्या कडेनं रुळासारखे उमटलेले कण साधे असतात. अगदी बारीक, वेगवेगळ्या आकारांचे, एका जागी गोळा झालेले किंवा फांदीसारखे पसरलेले असतील तर पुढची तपासणी लागते. या कणांचा कॅल्शियमच्या गोळ्यांशी किंवा दुधाशी संबंध नाही, खर्ऱ्यातल्या चुन्याशीही नाही. त्यापायी गोळ्या बंद करू नका. (खर्रा सोडावा, पण तो तोंडाच्या कॅन्सरसाठी.)

‘आर्किटेक्चरल डिस्टॉर्शन’ असं लिहिलं असेल तर आतल्या तंतूंची ठेवण ओढल्यासारखी दिसते आहे. पूर्वी त्या जागी गळू चिरलं असेल, गाठ काढली असेल, तर जुन्या व्रणामुळेही असं दिसतं. हे बाईनं सांगितल्याशिवाय फोटो पाहणाऱ्याला कळणार कसं? वीस वर्षांपूर्वी, बाळंतपणानंतर गावातल्या डॉक्टरांनी लावलेला चिराही सांगायचा.

आकड्याआधीची ओळ काखेतल्या नोड्सची, म्हणजे सगळ्यांनाच असणाऱ्या लसिकाग्रंथींची. फॅटी हायलम, म्हणजे त्यांच्या मधली चरबी, शाबूत आहे म्हणजे त्या ग्रंथी नेहमीसारख्या दिसतात. ही चांगली ओळ आहे.

आकडा आणि पुढची पायरी

बायरॅड्स १ म्हणजे काही सापडलं नाही. २ म्हणजे काही दिसतंय, पण ते नक्की साधं आहे: पाण्याची गाठ, जुना फायब्रोअ‍ॅडिनोमा (कॅन्सर नसलेली साधी गाठ), जाड चुना. दोन्हींत पुढचा फोटो नेहमीच्या वेळी.

ही नेहमीची वेळ कोणती? आपल्या सरकारी कार्यक्रमात मॅमोग्राफी सरसकट नाही. ३० ते ६५ वयाच्या बायकांची स्तनांची तपासणी दर पाच वर्षांनी प्रशिक्षित हातानं करायची, असं तिथं ठरलेलं आहे. आशाताई घरी येऊन जो प्रश्नांचा कागद भरतात तो त्याचाच भाग, त्यात गाठ, आकारातला बदल आणि बोंडातून रक्ताळ स्राव यांची विचारणा असते. पुष्कळ बाया तिथं ‘काही नाही’ सांगून मोकळ्या होतात. मॅमोग्राफी करायची तर सहसा चाळिशीपासून, वर्षा-दोन वर्षांनी. किती अंतरानं, ते तुमच्या डॉक्टरांनी रिपोर्टवर लिहून द्यायला हवं. आईला किंवा बहिणीला कॅन्सर झाला असेल तर त्यांना कितव्या वर्षी झाला ते सांगा. त्यांच्या वयाच्या साधारण दहा वर्षं आधीपासून तपासणी सुरू करण्याचा सल्ला अनेकदा देतात.

१ आणि २ बद्दल एक अट मात्र पक्की लक्षात ठेवा. हाताला गाठ लागते आहे आणि फोटो निर्मळ आला, तर काम संपलं असं नाही. मॅमोग्राफीत काही कॅन्सर दिसतच नाहीत, दाट स्तनांत तर जास्तच. अशा वेळी त्या जागेची सोनोग्राफी व्हायला हवी. ती झाल्यावरही डॉक्टरांना हाताला शंका वाटली तर सुई, म्हणजे सुईनं गाठीतलं थोडं काढून तपासणं. ‘फोटो नॉर्मल आहे, जा घरी’ असं कुणी म्हणालं तर ‘पण गाठ इथं लागते’ म्हणून बोट ठेवून दाखवा. यात उद्धटपणा नाही.

बायरॅड्स ० हा सगळ्यांत फसवा आकडा. शून्य म्हणजे काही नाही, असं वाटून लोक घरी जातात, आणि काही जण उलट घाबरून जातात. शून्याचा अर्थ ‘तपासणी अपुरी’ एवढाच. एखाद्या जागेवर लहान पट्टी दाबून जवळून फोटो, मोठा करून फोटो, सोनोग्राफी किंवा जुन्या फिल्म्स यांपैकी काहीतरी हवं आहे. अमेरिकेत तपासणीला आलेल्या शंभर बायकांपैकी साधारण दहा जणींना असं परत बोलावतात आणि त्यांतल्या बहुतेकींना कॅन्सर नसतो. पण ज्या थोड्याजणींना असतो, त्या याच गटात असतात. त्यामुळे शून्य आला की ‘कोणता फोटो उरला आणि तो आजच होईल का?’ असं विचारा. शंभर किलोमीटरवरून आलेली बाई म्हटल्यावर काही ठिकाणी त्याच दिवशी सोनोग्राफी करून देतात. विचारलं नाही तर पुढची तारीख मिळते.

बायरॅड्स ३ म्हणजे ‘बहुतेक साधं’. कॅन्सर निघण्याची शक्यता शंभरात दोन किंवा त्याहून कमी. म्हणून लगेच सुई न घालता नजर ठेवतात: साधारणपणे सहा महिन्यांनी त्या बाजूचा फोटो, बारा महिन्यांनी दोन्ही बाजूंचा, मग चोवीस महिन्यांनी. दोन वर्षांत काही बदललं नाही तर आकडा २ वर येतो. वाढलं किंवा आकार बदलला तर ४ होतो आणि सुई लागते.

हा बेत तारखा पाळण्यावरच उभा आहे. सहा महिन्यांनी पहिल्या खेपेला बायका जातात, पुढच्या दोन खेपा गळतात. ‘मागच्या वेळी काही निघालं नाही ना’ हे कारण. दूर राहणाऱ्या, परत येणं खरोखरच अशक्य असणाऱ्या बाईनं ३ आल्यावरच डॉक्टरांना स्पष्ट सांगावं: ‘मला तीन खेपा जमणार नाहीत.’ अशा वेळी सुरुवातीलाच सुईनं तुकडा घेऊन सोक्षमोक्ष लावता येतो. आमच्या मते, न पाळलेल्या तीन तारखांपेक्षा एक सुई बरी.

बायरॅड्स ४ ला तुकडा तपासावाच लागतो. हा गट फार मोठा आहे, म्हणून त्याचे तीन भाग केले आहेत. ४ए मध्ये कॅन्सरची शक्यता शंभरात दोन ते दहा, ४बी मध्ये दहा ते पन्नास, ४सी मध्ये पन्नास ते पंचाण्णव. म्हणजे ४ए आलेल्या दहांपैकी नऊ जणींना कॅन्सर नसतो, पण सुई सगळ्यांना घ्यावी लागते. ५ म्हणजे शंभरात पंचाण्णव किंवा जास्त. ६ लिहिलं असेल तर कॅन्सर आधीच सिद्ध झालेला आहे आणि फोटो उपचाराच्या आखणीसाठी काढला आहे.

४ आणि ५ मध्ये तारीख काही दिवसांत किंवा दोन आठवड्यांत मागायची. उलंगवाडी झाल्यावर जाऊ, धान घरी आल्यावर जाऊ, हे ३ च्या बाबतीत एखाद-दोन आठवड्यांपुरतं चालून जाईल. ४ आणि ५ ला अजिबात नाही.

सुईची तपासणी

दोन प्रकार असतात. एफएनएसीत बारीक सुईनं पेशी ओढून काचेवर पसरतात. कोअर बायोप्सीत जाडसर सुईनं, सहसा १४ गेजच्या, शेवयांसारखे तुकडे काढतात, चार-पाच तरी. शक्य तिथं कोअर बायोप्सीच मागा. एफएनएसीत नुसत्या पेशी मिळतात, कॅन्सर दुधाच्या नळीच्या आतच आहे की बाहेर पसरला आहे हे त्यावरून नीट सांगता येत नाही. पुढची ईआर, पीआर आणि हर-टू ही (कोणतं औषध लागू पडेल ते सांगणारी) तपासणीही तुकड्यावर चांगली होते. गाठ सोनोग्राफीत दिसत असेल तर सोनोग्राफीवर पाहत सुई घालतात. नुसते चुन्याचे कण असतील आणि सोनोग्राफीत दिसत नसतील, तर मॅमोग्राफीच्या मशीनवरच नेम धरून करावी लागते, तिला स्टिरिओटॅक्टिक म्हणतात. ती सगळीकडे होत नाही, म्हणून निघण्याआधी फोनवर विचारा.

सुई लागली की कॅन्सर पसरतो, ही समजूत घराघरांत आहे आणि ती चुकीची आहे. नुकसान होतं ते उलट्या बाजूनं: तालुक्याला ‘काढून टाकू, विषय संपला’ म्हणून सुईशिवाय थेट गाठ कापली जाते. कॅन्सर निघाला तर कडा अर्धवट राहिलेल्या असतात, दुसरं ऑपरेशन करावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे कापलेली गाठ तपासायलाच पाठवली जात नाही. कुणीही, कुठंही गाठ काढली तर ‘हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला) पाठवली का?’ हे विचारा आणि पावती घ्या. बरणी तुमच्याच हातात देऊन ‘नागपूरला नेऊन द्या’ म्हणाले, तर बरणीत फॉर्मॅलिन (तुकडा टिकवणारं द्रव) असायला हवं, सलाइन किंवा पाणी नाही. पाण्यात तुकडा सडतो आणि मग कुणालाच काही सांगता येत नाही. बरणी रुंद तोंडाची, तुकडा पूर्ण बुडालेला, झाकण घट्ट, वर नाव, बाजू, तारीख आणि वेळ. फॉर्मॅलिनमध्ये तुकडा तीन दिवसांहून जास्त राहिला तर हर-टूची तपासणी बिघडू शकते, म्हणून बरणी दुसऱ्याच दिवशी पोचवा.

बायोप्सीला जाताना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. सिकलसेलचं कार्ड असेल तर सोबत न्या. जागा बधिर करतात, भरती व्हावं लागत नाही. नंतर दहा-पंधरा मिनिटं घट्ट दाबून धरायचं. दोन-चार दिवस निळं-काळं दिसतं, ते आपोआप जातं. दुखलं तर पॅरासिटामॉल. त्या आठवड्यात डोक्यावर पाण्याची गुंडी किंवा सरपणाचा भारा नको. ताप आला, पू दिसला किंवा रक्त थांबेना, तर परत जायचं.

बायोप्सीचा रिपोर्ट आला की तो एकटा वाचायचा नाही, फोटोच्या रिपोर्टशेजारी ठेवून वाचायचा. फोटो ४ए आणि तुकड्यात फायब्रोअ‍ॅडिनोमा, हे जुळतं. फोटो ५, गोखरूसारखी गाठ, आणि तुकड्यात ‘साधं’ निघालं, तर जुळत नाही. सुई बाजूला गेली असू शकते. अशा वेळी पुन्हा तुकडा घ्यावा लागतो. घरच्यांना मात्र ‘साधं’ हा एकच शब्द ऐकू येतो आणि पेढे वाटले जातात. डॉक्टरांना हेच शब्द वापरून विचारा: ‘दोन्ही रिपोर्ट एकमेकांशी जुळतात का?’ ‘एटिपिकल’ असा शब्द दिसला तर कॅन्सर नाही, पण ती जागा काढून पाहावी लागण्याची शक्यता असते. सगळं साधं निघालं तरी सहसा सहा महिन्यांनी किंवा वर्षानं एक फोटो असतोच.

तारीख कुठं बसवायची

सहा महिन्यांचा हिशेब शेतीच्या वेळापत्रकावर आदळतो. मे महिन्यात फोटो काढला की पुढचा नोव्हेंबरात, म्हणजे कापूस वेचणीत. जूनमधला डिसेंबरात, तूर उभी. पूर्व विदर्भात जानेवारीतला फोटो जुलैच्या रोवणीत येतो, नोव्हेंबरातला तेंदूपत्त्याच्या दिवसांत. वेचणीची किंवा रोवणीची मजुरी सोडून कुणी जात नाही, हे दवाखान्याला माहीत नसतं. म्हणून बायरॅड्स ३ असेल तर तारीख घेतानाच सांगा की त्या आठवड्यांत जमणार नाही, पंधरा दिवस अलीकडची द्या. सहाऐवजी साडेपाच किंवा साडेसहा महिन्यांनी फारसं बिघडत नाही. सहाचे अठरा झाले तर बिघडतं.

तारीख तीन जागी लिहा: रिपोर्टच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत, घरच्या कॅलेंडरवर आणि आशाताईंच्या वहीत. शिबिरात फोन नंबर देताना पोराचा नंबर दिला जातो, तो पुण्याला कंपनीत असतो, सिम बदलतो आणि रिपोर्ट तयार असल्याचा निरोप हवेत राहतो. जो फोन घरातच असतो त्याचा नंबर द्या आणि शिबिरवाल्यांचा नंबर लिहून घ्या. पंधरा दिवसांत निरोप आला नाही तर ‘काही निघालं नसेल’ असं धरायचं नाही, आपण फोन करायचा. शिबिरात उष्णता मोजणाऱ्या कॅमेऱ्यानं किंवा हातातल्या यंत्रानं तपासणी झाली असेल, तर ती मॅमोग्राफी नव्हे. तिचा ‘नॉर्मल’ कागद मॅमोग्राफीच्या जागी धरता येत नाही.

मधल्या काळात महिन्यातून एकदा स्वतः पाहायचं. पाळी येत असेल तर ती संपल्यावर, पाळी गेली असेल तर दर पौर्णिमेला, म्हणजे लक्षात राहतं. नवी गाठ, बोंड नव्यानं आत ओढलेलं, एकाच बाजूनं आपोआप रक्ताळ स्राव, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, न भरणारी जखम, काखेत गाठ: यांतलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. ‘दुखत नाही, मग काय’ हे इथं उलटं आहे. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

जुन्या फिल्म्स

दोन वर्षांपूर्वीचा फोटो शेजारी लावता आला तर ‘हे आधीपासून तसंच आहे’ असं डॉक्टर पाच मिनिटांत सांगू शकतात. तो नसेल तर शून्य येऊ शकतो किंवा सुई लागू शकते. म्हणून प्रत्येक खेपेला सगळ्या जुन्या फिल्म्स, सीडी आणि रिपोर्ट सोबत हवेत. मोबाइलवर काढलेला रिपोर्टचा फोटो उपयोगी पडतो. फिल्मचा फोटो मात्र तुलनेला चालत नाही, त्यात बारीक कण दिसत नाहीत.

फिल्म टिनाच्या छपराखाली माळ्यावर ठेवू नका. आजकालच्या बऱ्याच फिल्म्स उष्णतेनं उमटवलेल्या असतात, मे महिन्याच्या तापात त्या काळवंडतात. गुंडाळी करू नका, घडी घालू नका. पाकिटासकट सपाट, कपड्यांच्या कपाटात तळाशी ठेवा. सीडी मिळाली असेल तर गावातल्या सेतू केंद्रात किंवा सीएससीत ती पूर्णच्या पूर्ण पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, त्यातलं एकच चित्र नको.

पैसे आणि कागद

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालयांत होतात, कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि रेडिएशनही त्यात येतं. आता रेशनकार्डाचा रंग आड येत नाही. दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाचं, टेबल असतं, आधी तिथं जा. तपासणीचं बिल भरण्याआधी ‘हे योजनेत बसतं का, की आधी निदान हवं?’ असं विचारा. सगळ्या पावत्या जपा. घरून फोन करायचा असेल तर १५५३८८. रेशनकार्ड, आधार, दोन फोटो, जुना केसपेपर आणि दवाखान्याचा नोंदणी क्रमांक एका पिशवीत ठेवा. रेशनकार्डावर बाईचं नाव नसेल किंवा माहेरचं असेल तर ते आजच तहसीलमध्ये बदलायला टाका. ४ आल्यावर धावपळ करण्यापेक्षा ३ आल्यावर केलेलं बरं.

जाण्याचा खर्च थोडा हलका होतो: एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत. कॅन्सर ठरल्यावर उपचाराला जाताना रेल्वेत रुग्णाला आणि सोबत्याला सवलत मिळते, त्याचा फॉर्म दवाखान्यातूनच भरून घ्यावा लागतो.

कुठं जायचं हे मुख्यतः एसटीच्या रस्त्यावर ठरतं. वर्धा आणि यवतमाळच्या बाजूला सेवाग्रामचं कस्तुरबा किंवा सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे रुग्णालय जवळ पडतं. नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), मिहानचं एम्स, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे. जिथं पहिला फोटो काढला तिथंच पुढचे काढणं सोयीचं, जुने फोटो त्यांच्या संगणकात असतात. मुक्कामाची गाडी पकडून जाण्याआधी मशीन चालू आहे का, मॅमोग्राफीचा वार कोणता आणि नोंदणी किती वाजता बंद होते, हे फोनवर विचारून घ्या. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं ते आदल्या रात्रीच पाकिटाच्या मागे लिहून ठेवा: आकडा किती, सोनोग्राफी लागेल का, पुढची तारीख कोणती, आणि त्या तारखेला कोणत्या खोलीत यायचं.